तुम्ही विचारलंत म्हणून: पल्स मोटर फुकटची वीज देते का?

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे कळलं, की लोक मला हमखास पल्स मोटरचा तोच व्हिडिओ दाखवतात. चाकावर चुंबकं, शेजारी कॉइल (तारेची गुंडाळी), एक बॅटरी चाक फिरवतेय आणि दुसरी त्याच वेळी चार्ज होतेय. मग प्रश्न: यातून फुकट वीज मिळते ना?

नाही मिळत. पण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तोंडावर फेकून हा वाद मिटत नाही. समोरच्यानं मीटरवर आकडे खरोखर पाहिलेले असतात. चुकतो तो त्यांचा अर्थ.

ही मोटर कॉइलला प्रवाह देते आणि तोडते, पुन्हा पुन्हा. प्रवाह तोडला, की कॉइलचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि क्षणभर शेकडो व्होल्टचा स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचा झटका, येतो; त्यावरच दुसरी बॅटरी चार्ज होते. बारा व्होल्ट घालून दोनशे मिळाले, म्हणून माणूस हरखतो. तो स्पाइक टिकतो किती? डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत संपतो. त्यातली ऊर्जा बॅटरीनंच कॉइलमध्ये भरलेली असते, तीही थोडी गळून परत येते. शिखराचा व्होल्टेज घेऊन त्याला सरासरी करंटनं गुणलं, तर कागदावर कितीही वीज तयार करता येईल!

दुसरी फसगत बॅटरीची. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा व्होल्टेज चढला म्हणजे ती तेवढी भरली असं नाही. लोड लावा, लगेच बसतो. आणि '७ अँपिअर-अवरची बॅटरी, तीन दिवस अखंड चालली' हा पुरावाच नव्हे. ७ अँपिअर-अवर म्हणजे एक अँपिअर प्रवाह सात तास; मग १०० मिलीअँपिअर, म्हणजे त्याच्या दहावा हिस्सा, ओढणारी मोटर तिच्यावर साधारण ७० तास चालायलाच हवी.

राहिला चुंबक. तो जवळ येताना जेवढी ऊर्जा देतो तेवढीच लांब जाताना परत घेतो. त्यात साठलेलीही फार नसते: घनसेंटिमीटरभर निओडायमियम चुंबकात एक ज्यूलसुद्धा नाही, आणि घड्याळातल्या साध्या पेन्सिल सेलमध्ये हजारो.

चुंबकांतून फुकट ऊर्जा मिळते असा दावा करणाऱ्या स्टिऑर्न या आयरिश कंपनीनं २००६ मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं होतं. २००९ मध्ये तिनंच नेमलेल्या २२ जणांच्या ज्यूरीनं दावा सिद्ध झाला नसल्याचं एकमतानं सांगितलं.

म्हणून मी वाद घालत नाही, एक काम सांगतो. दोन्ही बॅटऱ्या काढा. १२ व्होल्टपर्यंत भरलेला एक फॅरडचा कपॅसिटर (रासायनिक क्रियेशिवाय वीज साठवणारा भाग) लावा आणि मोटरचं आउटपुट त्यालाच परत जोडा. त्यात ७२ ज्यूल असतात. एक वॉट, म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, खाणारी मोटर सव्वा मिनिटात ते संपवते. जास्तीची ऊर्जा येत असेल तर व्होल्टेज चढत राहील. यावर 'कपॅसिटर चालत नाही, त्याला बॅटरीचीच केमिस्ट्री लागते' असं उत्तर येतं. म्हणजे जिथं मोजणं अवघड, तिथंच चमत्कार घडतो तर!

मोटर मात्र जरूर बनवा, मजा येते. फक्त ती फिरत असताना चार्ज होणारी बॅटरी सोडवू नका, त्याच स्पाइकनं कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जळतो.