उभ्या गाडीचे वय

आमच्या गाडीचा पुढचा उजवा दिवा डाव्यापेक्षा निदान पाच वर्षांनी म्हातारा दिसतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. गाडी २००९ सालची. डावी काच किंचित धुरकट झालेली होती. उजवी मात्र जुन्या मेणासारखी पिवळी पडली होती आणि तिच्या वरच्या कडेला बारीक पापुद्रे सुटले होते. दोन्ही दिवे एकाच दिवशी बसवलेले, एकाच रस्त्यांवरून तितकेच किलोमीटर धावलेले. मग एकावरच ही अवकळा का यावी?

उत्तर पार्किंगमध्ये सापडले. ठाण्यातल्या कित्येक जुन्या सोसायट्यांप्रमाणे आमच्याकडेही गाड्या अर्ध्या इमारतीखाली आणि अर्ध्या उघड्यावर उभ्या असतात. सकाळी निघताना खटपट नको म्हणून मी रोज रात्री गाडी मागे घेऊन, तोंड पश्चिमेला करून लावत आलो. दक्षिणेकडच्या जाडजूड खांबाची सावली दुपारी डाव्या दिव्यावर पडते, उजव्याच्या वाट्याला संध्याकाळपर्यंतचे सगळे ऊन येते. म्हणजे दिव्याचे वय धावण्याने वाढले नव्हते, उभे राहण्याने वाढले होते.

आपण सवयीने काच म्हणतो खरे, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. पूर्वीच्या गाड्यांना खरी काच असे. ती पिवळी पडत नसे, पण जड असे आणि उडालेल्या खडीने तडकत असे. पॉलिकार्बोनेट दगडाचा मार हसतमुखाने सोसते, त्याला उन्हातले अतिनील किरण तेवढे सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक कवचाचा पातळ थर चढवतात. वर्षानुवर्षे उन्हात तो थर झिजतो, तडकतो आणि मग आतले प्लास्टिक पिवळे पडू लागते. मी इतकी वर्षे ओल्या फडक्याने जो मळ पुसू पाहत होतो, तो मळ नव्हताच. ती दिव्याची जळलेली कातडी होती.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर गायमुखाच्या उतारावर रात्री समोरचे काही धड दिसेना. बल्ब नवा होता, पण धुरकट काचेत प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता अंधूक दिसतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात, असा दुहेरी अन्याय. एका शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून मी टूथपेस्टही घासून पाहिली. काच लखलखली, शेजारी खूश झाले, आणि दोनेक महिन्यांत पिवळेपणा परत आला. पेस्टने पृष्ठभाग घासला जातो, पण उन्हाला अडवणारे काही त्यावर उरत नाही.

शेवटी पाऊस ओसरल्यावर, हवेतला दमटपणा जरा कमी झालेला पाहून, गाडी वागळे इस्टेटमधल्या एका पेंटिंगवाल्याकडे नेली. त्याने दिव्याभोवती बॉनेटवर आणि बंपरवर मास्किंग टेप चिकटवली, बादलीत साबणाचे पाणी घेतले आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासकागद, भिजवून आडवा घासायला सुरुवात केली. पहिल्या काही मिनिटांत काचेवरून ताकासारखे पिवळसर पाणी ओघळले. ‘‘काका, हे पाणी पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही. पिवळं येतंय तोवर जुना कोट आहे,’’ तो म्हणाला. पाणी पांढरे झाले तेव्हा दिवा आधीपेक्षाही आंधळा झालेला होता, दुधी काचेसारखा, आणि मला वाटले, आता नवाच दिवा घ्यावा लागणार. तो मात्र शांतपणे त्याहून बारीक अशा १००० नंबरवर गेला आणि आता उभा घासू लागला. दर नंबराला दिशा बदलली, की आधीच्या पेपरचे ओरखडे वेगळे दिसतात आणि ते पुरते गेले की नाही हे कळते, हे त्याने मला बोटाने दाखवले. १५००, २०००, ३००० असे करत, मग रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, लावून यंत्राचे बफ फिरवल्यावर त्या दुधातून हळूहळू बल्ब दिसू लागला. सर्वांत शेवटी काच कोरडी करून, स्पिरिटने पुसून, अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट त्याने दोन हातांत मारला. हा शेवटचा फवारा नसता, तर सगळी मेहनत टूथपेस्टच्याच वाटेने गेली असती.

डावा दिवाही करून घेतला, नाहीतर गाडी डोळा मारल्यासारखी दिसली असती.

आता मी गाडी तोंड आत करून लावतो. मागचे लाल दिवे बहुधा अॅक्रिलिकचे असतात आणि अॅक्रिलिकला ऊन पुष्कळ मानवते, असे त्या पेंटिंगवाल्यानेच सांगितले. सकाळी मात्र गाडी मागे काढताना मागून येणारी दुधवाल्याची सायकल, शाळेची व्हॅन आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फेरफटका यांना वाट द्यावी लागते. वॉचमनकाका शिट्टी वाजवत मला मागे घेतात आणि रोज न चुकता विचारतात, ‘‘साहेब, आधीचंच बरं होतं ना?’’