तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेतलं धंद्यात काय चालतं?

‘लष्कर-पोलिसांकडून छोट्या धंद्याने काय घ्यावं?’ असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा शिस्त असते: कडक हजेरी, मालकाचा धाक. ते राहू द्या. चार माणसांच्या धंद्यात धाकामुळे एवढंच होतं की चूक मालकाला उशिरा कळते. घ्यायची ती तयारीची कंटाळवाणी बाजू.

सुरुवात हुकूम देण्यापासून. लष्करी हुकमाचे पाच भाग असतात: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद, आणि नेतृत्व व संपर्क. धंद्यात अंमलबजावणी सगळे सांगतात, रसद विसरतात. समजा, 200 बॉक्स पॅक करायचे आहेत. सोमवारी सकाळी 10 ला ऑर्डर आली, गुरुवारी सकाळी 10 ला माल द्यायचा. हातात 72 तास. फौजेचा ठोकताळा असा की वरच्याने स्वतःच्या आखणीत एक तृतीयांशच वेळ घालवावा, म्हणजे इथे 24 तास. बाकीचा हाताखालच्यांचा. प्रत्यक्षात मालक बुधवारपर्यंत भाव आणि डिझाइन घोळवत बसतो आणि रात्र पोरांना जागावी लागते.

त्या 24 तासांतच रंगीत तालीम करा. पाच बॉक्स घड्याळ लावून, लेबल चिकटवेपर्यंत पूर्ण भरा. एकाला 6 मिनिटं लागली तर 200 ना 20 तास, तिघांत जवळपास पावणेसात तास, तेही चहा-जेवण न धरता. टेप कापायचं मशीन एकच आहे आणि दोघं त्याची वाट बघत उभे राहतात, हेही तालमीतच दिसतं. मग सांगितलेलं काम ज्याचं त्याच्याकडून परत वदवून घ्या. ‘समजलं ना?’ला उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

पर्यायांबाबत लष्करी संपर्कव्यवस्थेची चार पायऱ्यांची पद्धत धंद्याला फार उपयोगी आहे: मुख्य, पर्यायी, अडचणीतली, आणीबाणीची. बिलिंगला लावून बघा. दुकानाचं इंटरनेट, मोबाइलचा हॉटस्पॉट, कागदी बिलबुक, आणि शेवटी वहीत नाव-नंबर लिहून फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला माल. फसगत होते ती इथे: इंटरनेट आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर दोन्ही एकदमच झोपू शकतात, मग ते दोन पर्याय नव्हेतच. कधी खाली उतरायचं तेही आधी ठरवा, उदाहरणार्थ 5 मिनिटं नेट नाही की बिलबुक. ते विचारायला मालकाला फोन लागू नये. आणि महिन्यातून एकदा बिलबुकावर खरं बिल फाडा, नाहीतर ऐन वेळी कार्बन सापडत नाही.

पाळी बदलताना पोलिस ठाण्यात चार्ज देतात-घेतात तसं गल्ला, किल्ल्या आणि अर्धवट ऑर्डरी लिहून, सही करून द्याव्यात. तोंडी निरोपातून हमखास गळते ती अर्धवट ऑर्डर.

काम संपल्यावर त्याच दिवशी, पंधरा मिनिटं: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. मालकाने सगळ्यांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.