कुस्कोच्या भिंती आणि त्या रचणारे हात

पेरूला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी कुस्को शहराकडे माचू पिचूच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून पाहतात. विमानाने उतरायचे, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून एखादी रात्र काढायची आणि पहाटेच्या गाडीने पुढे निघायचे, असा त्यांचा बेत असतो. हा या शहरावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले कुस्को ही इंका साम्राज्याची राजधानी होती. आजच्या इक्वेडोरपासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या प्रदेशाचा कारभार येथून चालत असे. नोव्हेंबर १५३३ मध्ये फ्रान्सिस्को पिसारोच्या स्पॅनिश सैन्याने ही राजधानी ताब्यात घेतली आणि पुढची शे-दीडशे वर्षे तिच्याच जोत्यांवर, तिच्याच दगडांनी, स्पॅनिश शहर उभे राहत गेले. त्यामुळे भिंतीचा खालचा भाग एका राजवटीचा आणि वरचा दुसरीचा, हे दृश्य येथे गल्लोगल्ली दिसते. ते नीट समजून घ्यायचे असेल तर जाणकार माणसाबरोबर पायी फिरण्याला पर्याय नाही.

आमची मार्गदर्शक केचुआ ही मातृभाषा असलेली, जवळच्या खेड्यात वाढलेली तरुणी होती. तिने फेरी सुरू केली ती मुख्य चौकातून नव्हे, तर त्याच्या मागच्या प्लाझा रेगोसिहो या लहान चौकातून, इंका गार्सिलासो दे ला वेगाच्या घरापासून. सुरुवातीची ही निवड किती विचारपूर्वक केलेली होती, हे मला पुढे उमगले. गार्सिलासोचा जन्म कुस्कोत १५३९ साली झाला. त्याचे वडील स्पॅनिश कप्तान होते आणि आई चिंपू ओक्लो ही इंका राजघराण्यातली होती. विशीच्या सुमारास तो स्पेनला गेला तो कायमचाच, आणि तेथे बसून, आजोळच्या माणसांकडून लहानपणी ऐकलेल्या हकिकतींच्या आधारे त्याने इंकांचा इतिहास लिहिला, जो १६०९ साली लिस्बनमध्ये छापला गेला. शहराच्या माथ्यावर असलेल्या साक्सायवामानच्या प्रचंड वास्तूचे दगड स्पॅनिश लोकांनी आपली घरे बांधण्यासाठी कसे काढून नेले, याची खंत त्यात आहे. मार्गदर्शक म्हणाली, "हे शहर तुम्हाला त्याच्यासारखेच दिसेल. आई एकीकडची, वडील दुसरीकडचे, आणि दोघांपैकी कोणालाही वजा करता येत नाही."

तेथून आम्ही प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकात आलो. इंकांच्या काळी हा चौक आजच्यापेक्षा बराच मोठा होता आणि त्याच्या मधून साफी नावाची नदी वाहत असे. ती आजही वाहते, फक्त रस्त्याखालून. साम्राज्याच्या चार भागांकडे जाणारे चार राजमार्ग येथूनच फुटत. सणाच्या दिवशी दिवंगत राजांचे जतन केलेले देह या चौकात मिरवत आणले जात आणि जिवंत राजाच्या पंक्तीला त्यांना बसवले जाई. चौकाच्या जमिनीवर समुद्रकिनाऱ्याहून आणलेल्या वाळूचा जाड थर होता, ही गोष्ट ऐकून मी थक्क झाले. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या किनाऱ्यावरून, अँडीज ओलांडून, माणसांच्या आणि लामांच्या पाठीवर वाळू वाहून आणायची, ती केवळ जमीन पूजनीय व्हावी म्हणून. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोलो दे ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती उपसून काढली आणि कॅथेड्रलच्या बांधकामाला दिली.

ते कॅथेड्रल चौकाच्या ईशान्येकडील बाजूला उभे आहे. त्याचे बांधकाम जवळजवळ एक शतक चालले आणि १६५४ साली पूर्ण झाले. परंपरेनुसार ती जागा विराकोचा इंका या राजाच्या वाड्याची; शेजारचे कोंपान्यिया दे हेसुस हे जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे चर्च वायना कापाक या इंका राजाच्या वाड्याच्या जागेवर आहे. हे सारे बहुतेक प्रवासवर्णनांत "जेत्यांनी जितांची मंदिरे पाडून आपली उभारली" एवढ्या एका वाक्यात संपते. ते वाक्य खोटे नाही, मात्र अपुरे आहे. मार्गदर्शकाने आम्हाला कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे करून एकच प्रश्न विचारला: हे दगड कोणी वाहिले, कोणी घडवले आणि कोणी एकमेकांवर चढवले? आराखडे स्पॅनिश होते, हुकूमही स्पॅनिश होते. पण पाथरवट याच खोऱ्यातले होते, ज्यांच्या बापजाद्यांनी इंकांचे वाडे बांधले होते. वेठबिगारीने का होईना, राजवट बदलल्यावरही छिन्नी आणि हातोडा त्याच हातांत राहिला. पुढची सगळी फेरी मी याच प्रश्नाच्या उजेडात पाहिली.

या चौकाची दुसरी आठवण रक्ताची आहे आणि तिच्याजवळून घाईने पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याचा १५७२ साली येथेच शिरच्छेद झाला. त्याच्या वंशाचा वारसा सांगणाऱ्या होसे गाब्रिएल कोंदोरकांकी याने दुसरा तुपाक आमारू हे नाव धारण करून स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव केला, आणि १८ मे १७८१ रोजी याच चौकात त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास आणि थोरला मुलगा यांना ठार करून नंतर त्याला मारण्यात आले. उठाव मोडल्यावर इंका पद्धतीच्या पोशाखावर बंदी आली आणि गार्सिलासोचे ते पुस्तकही जप्त करण्याचे आदेश निघाले. मिकाएलाविषयी बोलताना आमच्या मार्गदर्शकाचा आवाज बदलला. उठावाला लागणारी रसद, माणसे आणि निरोप यांची व्यवस्था ही बाई पाहत असे. तिला केवळ पत्नी म्हणून लक्षात ठेवू नका, असे तिने आम्हाला बजावले.

चौकातून निघणाऱ्या लोरेतो या अरुंद गल्लीत शिरलो आणि भिंती वाचण्याचा खरा धडा सुरू झाला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना इंकाकालीन भिंती आहेत. एका बाजूची भिंत आक्लावासीची, म्हणजे राज्यभरातून निवडून आणलेल्या मुली जेथे उंची वस्त्रे विणत आणि समारंभांसाठी चिचा ही मक्याची दारू गाळत त्या आवाराची. त्याच आवारात पुढे सांता कातालिना हा जोगिणींचा मठ आला, म्हणजे भिंतीआड राहणाऱ्या स्त्रियांची परंपरा धर्म बदलूनही तेथे चालूच राहिली. मार्गदर्शकाने आम्हाला गल्लीच्या मध्यावर उभे राहून समोर पाहायला सांगितले. इंकांची भिंत वर जाताना किंचित आत कलते, तिची दारे आणि कोनाडे खाली रुंद व वर निमुळते असतात, आणि चिऱ्यांच्या सांध्यांत चुना नसतो. स्पॅनिश काळात तेच घडीव चिरे काढून नव्याने रचले गेले तेव्हा भिंत ओळंब्यात सरळ उभी राहिली आणि जुळत नसलेल्या फटी चुन्याने किंवा मातीने भरल्या गेल्या. म्हणजे दगड इंकांचा असला तरी भिंत इंकांची असेलच असे नाही. एवढी खूण कळल्यावर शहर एकदम उलगडू लागते. पुढच्या वळणावर आमच्यातला प्रत्येक जण भिंतीला गाल लावल्यासारखा उभा राहून तिचा कल पाहू लागला होता.

दगडांमध्ये सुरीचे पातेही शिरत नाही, हे वाक्य कुस्कोत प्रत्येकाच्या तोंडी असते. आमच्या मार्गदर्शकाने ते उच्चारले नाही. तिने एका चिऱ्यासमोर आम्हाला बसवले आणि दगडाचा पृष्ठभाग जवळून पाहायला सांगितला. त्यावर सर्वत्र बारीक टोच्यांच्या खुणा होत्या. मधल्या भागात त्या मोठ्या होत्या आणि कडेकडे जाताना लहान लहान होत गेल्या होत्या. इंकांकडे लोखंड नव्हते. नदीतले कठीण गोटे हातात धरून ते दगडावर ठोकत. आधी जड गोट्याने जादा भाग उडवायचा आणि कडा जवळ आल्यावर हलका गोटा घ्यायचा, म्हणजे कोर तुटत नाही. त्यामुळे प्रत्येक चिरा मध्यभागी किंचित फुगीर आणि कडांना आत वळलेला दिसतो, आणि सकाळचे तिरपे ऊन पडले की प्रत्येक सांध्यावर सावलीची एक रेघ उमटते. काही चिऱ्यांच्या तळाशी लहान उंचवटे तसेच ठेवलेले आहेत. पहारीने किंवा दोराने दगड उचलताना त्यांचा आधार घेत असावेत, असे मानले जाते.

कोरिकांचा या सूर्यमंदिराचे वर्णन करताना माझी लेखणी आवरत नाही. इंकांच्या धर्माचे हे केंद्र होते. येथून ४१ रेषा चारही दिशांना निघत आणि त्यांवर ३२८ पूज्य स्थाने होती, अशी नोंद बेर्नाबे कोबो या सतराव्या शतकातल्या जेझुइट लेखकाने केली आहे. त्यांत झरे होते, खडक होते, टेकड्या होत्या. भिंतींना सोन्याचे पत्रे मढवलेले होते. पिसारोच्या कैदेतल्या आतावाल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी ते उचकटून नेण्यात आले. नंतर ही जागा डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाला मिळाली आणि मंदिरावर सांतो दोमिंगोचे चर्च व मठ उभे राहिले. चर्चच्या पश्चिम टोकाखालून बाहेर आलेली गडद दगडाची वळणदार भिंत पाहिली आणि मी बराच वेळ तेथून हलले नाही. येथे वेडेवाकडे अनेककोनी दगड नाहीत. सारख्या थरांत बसवलेले चिरे आहेत, आणि भिंत एकाच वेळी वळते आणि आतही कलते. वळण आणि कल दोन्ही साधायचे तर प्रत्येक चिऱ्याचा दर्शनी भाग वेगळ्या मापाने घडवावा लागतो, हे पाथरवटाच्या घरातला माणूस पाहताक्षणी सांगेल.

१६५० च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केले. २१ मे १९५० च्या भूकंपाने पुन्हा निम्म्याच्या आसपास इमारतींचे अतोनात नुकसान केले. सांतो दोमिंगोचा बराच भाग कोसळला, आणि शतकानुशतके गिलाव्याआड दडलेल्या कोरिकांचाच्या खोल्या उघड्यावर आल्या. इंकांच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्यांचा आतला कल, निमुळती दारे आणि चुन्याविना जुळलेले सांधे यांमुळे हे झाले, असे सांगितले जाते. मग मोठा प्रश्न उभा राहिला, की आता मठ पुन्हा बांधायचा की सूर्यमंदिर मोकळे करायचे? अखेर दोन्ही ठेवले गेले. मठाच्या कमानींचे अंगण फिरता फिरता आपण इंकांच्या दालनात पाऊल टाकतो. काही सहप्रवाशांना ही तडजोड आवडली नाही. माझ्या मते हाच निर्णय प्रामाणिक होता, कारण मठ काढून टाकला असता तर त्याचे दगड घडवणाऱ्यांची तीनशे-चारशे वर्षेही त्याच्याबरोबर पुसली गेली असती.

हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड सर्वांना छायाचित्रांमुळे परिचित आहे. तो ज्या भिंतीत आहे त्या इंका रोका या राजाच्या वाड्याच्या भिंतीवर आज आर्चबिशपच्या निवासाची इमारत आहे. हिरवट छटेच्या दगडाचा तो चिरा खरोखर देखणा आहे, पण गर्दी फक्त त्याच्यासमोर थांबते आणि त्याच्या आजूबाजूच्या तितक्याच कसबी भिंतीकडे पाहत नाही, याचे मला वाईट वाटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माणसाने हातोडीने त्याचे टवके उडवले. माझ्या मनावर अधिक ठसली ती नासारेनास चौकाजवळची सात सापांची गल्ली, सिएते कुलेब्रास. तेथील भिंत स्पॅनिश काळातली आहे, दगड इंकांच्या जुन्या इमारतींतले आहेत, आणि त्यांवर पृष्ठभागातून वर उठून दिसतील असे साप कोरलेले आहेत. ख्रिस्ती मालकाच्या भिंतीवर अँडीजमधल्या पाथरवटाने आपला साप कोरला. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर विचारलेल्या प्रश्नाचे मला दिसलेले सर्वांत स्पष्ट उत्तर हेच.

दुसरे उत्तर मी नंतर कॅथेड्रलच्या आत पाहिले. कुस्कोतील स्थानिक चित्रकार १६८८ साली स्पॅनिश चित्रकारांच्या संघातून बाहेर पडले आणि स्वतंत्रपणे काम करू लागले. त्याच परंपरेतल्या मार्कोस सापाताने अठराव्या शतकाच्या मध्यात रंगवलेल्या येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात ताटात कोकराऐवजी भाजलेला कुई, म्हणजे अँडीजमधल्या घरोघरी पाळला जाणारा गिनीपिग, वाढलेला आहे.

फेरी सान ब्लासच्या चढावर, कारागिरांच्या वस्तीत संपली. तेथील चर्चमधले लाकडाचे कोरीव व्यासपीठ पाहण्यासाठी तो चढ सोसावा. मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून दुपारी सान पेद्रोच्या मंडईत जेवले. तेथे एका वृद्ध विक्रेतीच्या टोपलीत किविचाच्या लाह्या आणि त्यांच्या गोड वड्या पाहिल्या आणि ओळख पटायला क्षणही लागला नाही: आपल्या उपवासाचा राजगिरा, त्याच कुळातला. शेजारी बटाट्यांच्या राशी होत्या, जांभळ्या, पिवळ्या, लाल, काही रात्रीच्या थंडीत गोठवून आणि उन्हात वाळवून टिकवलेल्या. बटाटा याच डोंगरांतला आहे, आणि राजगिराही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. पायी फेरी पोहोचल्याच्या दिवशी करू नये. पहिला दिवस विश्रांती, कोकाच्या पानांचा चहा आणि हलके जेवण यांना द्यावा. फेरी सकाळची निवडावी आणि केचुआ बोलणारा मार्गदर्शक मिळतो का, हे आवर्जून विचारावे. विनाशुल्क म्हणून जाहीर होणाऱ्या फेऱ्यांत मार्गदर्शकाची कमाई केवळ बक्षिशीवर असते, तेव्हा ती हात सैल सोडून द्यावी. शहराच्या एकत्रित पर्यटन तिकिटात साक्सायवामान येते, मात्र कॅथेड्रल आणि कोरिकांचाचा मठ येत नाही. त्यांचे प्रवेशशुल्क वेगळे भरावे लागते. आणि माचू पिचू शक्य असल्यास या फेरीनंतर ठेवावे, कारण भिंतीचा कल आणि सांध्यावरची सावली ओळखायला शिकलेला डोळा तेथे दुप्पट पाहतो.