'अप्पा' कुणाला म्हणाली?

बेळगावात स्पीच थेरपी करताना भाषेचा रकाना भरायलाच वेळ लागतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शेजारी उर्दू. त्या दिवशी आलेली दोन वर्षांची पोर अशाच घरातली. दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन. आई खानापूरची मराठी, वडील गोकाकचे कन्नड. सोबत आईचे वडील, त्यांना सगळं घर 'आप्पा' म्हणतं.

"पोरीचा गोंधळ होईल, घरात एकच भाषा बोला," असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. कन्नड ठरली. आप्पांचं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळे ते नातीशी बोलायचेच थांबले होते. ऐकून जीव तुटला. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तर जवळ बसून बोलणारी जितकी माणसं मिळतील तितकी हवीच असतात.

ठोकळे खेळता खेळता पोरीने ओठ मिटले आणि स्पष्ट म्हणाली, "अप्पा."

वडील उठलेच, "नोड्री, नन्न करद्लु!" म्हणजे, बघा, मला हाक मारली!

"मला म्हणाली की वो," आप्पा म्हणाले.

कन्नडमध्ये अप्पा म्हणजे बाप. कोरियनमध्येही अप्पा बापच, हंगेरियनमध्ये अपा, ॲरेमाइकमध्ये अब्बा. चारही भाषांची कुळं वेगळी. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली याची उकल मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरातून जमवलेले आईबापांसाठीचे १०७२ शब्द होते. प, ब, म हे ओठांचे आवाज बाळाला फार लवकर जमतात. शिवाय ते डोळ्यांना दिसतात, म्हणून आमच्याकडची मुलंही ते आधी उचलतात. बाळ आवाज काढतं, नातं त्याला घरची माणसं जोडतात. जॉर्जियनमध्ये तर 'मामा' म्हणजे बाप आणि आई 'देदा'!

म्हणून हा नुसता आवाज की शब्द, हे आधी बघायचं होतं. एकेकाला बाहेर पाठवलं. आई गेली, तेव्हा पोर रडली, पण 'अप्पा' नाही. मी बाहेर जाऊन काचेतून बघत राहिले, तिने मान वर केली नाही. वडील गेले, तशी दाराकडे बघून "अप्पा." आप्पा काठी टेकत गेले, तर दारावर हात आपटत "अप्पा, अप्पा!"

शब्दच होता. आपल्याला उचलून घेणारा घरचा पुरुष, एवढा त्याचा अर्थ. या वयात शब्दांचे अर्थ असेच ऐसपैस असतात, मग हळूहळू आवळत जातात. रकान्यात मी 'मराठी, कन्नड' असं दोन्ही लिहिलं.

"मग मी मराठीत बोलू काय तिच्याशी?" आप्पांनी विचारलं.

"बोलाच. जावई कन्नडच बोलू देत. मशीन चालू आहे ना ते बघायचं, टीव्ही बंद करायचा, हातभर अंतरावर समोर बसायचं. तिला ओठ दिसले पाहिजेत."

आप्पांनी झुबकेदार मिशीवरून हात फिरवला. "ही काढू काय?"

"अख्खी नको. ओठावर आलेली तेवढी कापा."