यूज टॅक्सचा रकाना

मार्च २०१९. एडिसनमधल्या आमच्या अकाउंटिंगच्या ऑफिसात काका नऊच्या आधीच येऊन बसले होते. मांडीवर बुटांचं खोकं, त्यात चार वर्षांच्या पावत्या. न्यू जर्सीत त्यांचं छोटं रेस्टॉरंट आहे. त्याला सेल्स टॅक्सचं ऑडिट लागलं होतं.

विक्रीच्या हिशेबात एक डॉलरही चुकला नव्हता. पण ऑडिटरने खरेदी काढली. २०१६ साली ओहायोहून ऑनलाइन मागवलेली टेबलं-खुर्च्या, १२,००० डॉलर. २०१७ मध्ये फ्रीझर, ८,०००. २०१८ च्या सुरुवातीला कॅमेरे आणि कॉम्प्युटर, ४,०००. एकाही बिलावर टॅक्स नव्हता.

“अगं, त्यांनी लावलाच नाही, तर माझं काय चुकलं?”

हे मी कित्येकांकडून ऐकलंय. ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, तिथला टॅक्स गोळा करायची सक्ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या निकालामुळे त्याच्यावर करता येत नव्हती. टॅक्स माफ मात्र कधीच नव्हता. तो ‘यूज टॅक्स’ म्हणून घेणाऱ्याने स्वतःहून भरायचा. २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. नोव्हेंबरपासून न्यू जर्सीत वर्षाला १,००,००० डॉलरच्या वर किंवा २०० ऑर्डरी विकणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यांना टॅक्स लावावाच लागतो. काकांची खरेदी त्याआधीची.

“म्हणजे जकातच की ही!”

हो, पण नाका नसलेली. ट्रक कुणी अडवत नाही. आपणच जाऊन सांगायचं.

हिशेब मांडला. तीन वर्षांत टॅक्सचा दर दोनदा उतरलेला: ७ टक्क्यांनी ८४०, ६.८७५ ने ५५०, ६.६२५ ने २६५. एकूण १,६५५ डॉलर, वर दंड आणि व्याज. खोक्याच्या तळाशी पेनसिल्व्हेनियातल्या बेन्सालेमची एक चुरगळलेली पावती सापडली. ३,००० डॉलरचा काउंटर काका २०१८ मध्ये स्वतः व्हॅनमधून घेऊन आले होते आणि तिथेच ६ टक्के भरले होते. ऑडिटरच्या यादीत त्यावर वेगळे १९८.७५ लागले होते. दुसऱ्या राज्यात भरलेला टॅक्स वजा होतो, म्हणून उरले १८.७५. काकांचा चेहरा तेवढ्यानेही सैलावला.

मला मात्र पुढचं बोलणं जड गेलं. तिमाही रिटर्नमध्ये यूज टॅक्सचा वेगळा रकाना असतो. काकांची रिटर्न आम्हीच भरत होतो आणि त्या रकान्यात दर तिमाहीला शून्य टाकत होतो. बाहेरून काही मागवलंत का, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं. ते खूप वेळ खोक्याकडे बघत राहिले.

दंड माफ व्हावा म्हणून अर्ज त्याच दुपारी लिहिला; त्यात आमची चूक आमची म्हणून लिहिली. मग बाकीच्या रेस्टॉरंटवाल्यांच्या फायली काढल्या. संध्याकाळपर्यंत सहा जणांना फोन झाले. तिघांच्या बिलांवर टॅक्स नव्हता.