तुंगनाथला चिमण्या बघायला गेलो की!

हिमालयात फिंच, म्हणजे चिमणीएवढे दाणे टिपणारे पक्षी, बघायला चाललोय म्हटल्यावर काकी म्हणाली, जांबोटीच्या भातात मुनिया कमी पडल्या काय गा तुला? तशी ती चुकीची नाही, हा पक्षीपण बिया टिपणाराच, तपकिरी, पाठीवर रेघा, लांबून सरळ चिमणीच. नाव प्लेन माउंटन फिंच, नावातच साधेपणा.

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, दोन रात्री गाडीतच जातात, मग हरिद्वार आणि तिथून जीपने रुद्रप्रयाग, ऊखीमठ करत चोपता, तुंगनाथचा चढ इथूनच सुरू होतो. हरिद्वारहून पहाटे निघा, अख्खा दिवस जातो. पैसे ऊखीमठलाच काढून ठेवा, वर एटीएम नाही.

आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो. तुंगनाथचं देऊळ बंद होतं (हिवाळ्यात देव खाली मक्कूमठला असतो), त्यामुळे वाटेवर गर्दी नव्हती. चढ साडेतीन-चार किलोमीटरच, पण देऊळ 3680 मीटरवर आणि आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास, त्यामुळे पहिल्याच दिवशी पळत सुटू नका, मी सुटलो आणि दुपारभर डोकं धरून बसलो.

पहिल्या दिवशी पक्षी दिसलाच नाही, म्हणजे दिसला असणार पण आम्ही सगळे मोनालच्या, म्हणजे हिमालयातल्या रंगीत रानकोंबड्याच्या, मागे. दुसऱ्या दिवशी दमून एका बुग्याळात, म्हणजे वरच्या गवताळ माळावर, नुसते बसलो, आणि बर्फ वितळून जिथे ओलं पिवळं गवत उघडं पडलेलं तिथली जमीनच हलायला लागली! पन्नासेक तरी असतील, सगळे खाली मान घालून टिपत पुढे सरकणारे, एकदम भुर्र उडाले, हवेत वळले, पुन्हा तिथेच. म्हणून सांगतो, शोधत फिरू नका, बर्फाच्या कडेला गप्प बसा. ओळखायला पंखावरच्या दोन फिकट पट्ट्या आणि शेपटीची खाच बघा. ब्रँड्ट्स माउंटन फिंच याचाच भाऊ, पण तो जास्त राखाडी, तोंडाकडे काळपट आणि सहसा आणखी उंचावर.

चोपत्यात वीज सोलरवरची, ढग आले की चार्जिंग बोंबललं. पॉवर बँक दोन घ्या आणि बॅटऱ्या रात्री पांघरुणात ठेवा, थंडीत लवकर उतरतात. मी बॅगेतच ठेवलेल्या. शेवटच्या सकाळी खाली येताना मोनाल वाटेवर, दहा फुटांवर, मान वळवून उभा, आणि माझा कॅमेरा बंद.