झटका नव्हताच

केसपेपरवर लिहून आलं होतं, ‘पक्षाघाताचा झटका, उजवी बाजू’. चाळिशीतला माणूस, बीपी नाही, शुगर नाही. “कधीपासून?” मी विचारलं. बायको म्हणाली, “आधी शर्टाची बटणं लागेनात. मग पाय ओढायला लागले. आता शब्द सापडत नाहीत.” तीन आठवडे असं चाललेलं. झटका इतका निवांत येत नाही. न्यूरॉलॉजीत निम्मं निदान ‘कधीपासून’च्या उत्तरातच असतं, असं माझं ठाम मत.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला मोठा डाग, मेंदूच्या सालीला खालून जाऊन भिडलेला आणि कुठल्याही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत न बसणारा. एवढा पसरूनही सूज नाही, दाब नाही, शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषधही घेत नव्हता. एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, अवघ्या ३८. पाठीतल्या पाण्याच्या पीसीआरमध्ये जेसी विषाणू. म्हणजे पीएमएल, याच विषाणूने होणारा मेंदूचा आजार.

हा विषाणू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात गुपचूप पडून असतो. प्रतिकारशक्ती कोसळली की मेंदूतल्या मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, बनवणाऱ्या पेशी मारतो. त्याच्यावर नेमकं औषध नाही. प्रतिकारशक्ती परत आणणं हाच इलाज. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू केल्या.

खरी परीक्षा महिन्याभरानंतरच्या ओपीडीत झाली. बायकोने गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. “डॉक्टर, या चालू केल्या आणि होतं तेही बोलणं गेलं. बंद करते.” तिचं निरीक्षण अचूक होतं, हीच पंचाईत. नव्या एमआरआयमध्ये डागाच्या कडा कॉन्ट्रास्ट घेत होत्या, थोडी सूजही होती. रक्तातला एचआयव्ही मात्र घटला होता आणि सीडी४ शंभरावर गेल्या होत्या. परतलेल्या पेशी विषाणूवर तुटून पडल्या होत्या आणि त्या धुमश्चक्रीत मेंदू सुजला होता. आम्ही याला आयरिस म्हणतो.

“गोळ्यांमुळेच झालंय,” मी कबूल केलं, “आणि तरीही त्या थांबवायच्या नाहीत.” ती बराच वेळ भांडली. भांडणारच. स्टिरॉइड द्यावं का, यावर आमच्यातही एकमत नव्हतं, कारण ते त्याच पेशींना दाबतं. सूज वाढत होती म्हणून थोडे दिवस दिलं.

सहा महिन्यांनी पाठीतल्या पाण्यात विषाणू सापडला नाही. तो काठी घेऊन चालतो, लहान वाक्यं बोलतो. उजव्या हाताने बटणं अजून लागत नाहीत. गोळ्यांच्या वेळा बायको सांभाळते, आणि दर भेटीत नवा रिपोर्ट माझ्याआधी स्वतः वाचते.